गाव सुटले, बोली सुटली नाही
(गणिती लेओनार्ड ऑयलर यांचे चरित्र)

वाचकहो, दरवर्षी गणेशोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्ही एका थोर व्यक्तीचे चरित्र देतो. यंदा कोणाचे द्यावे याचा विचार करत असताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्या इंदूरच्या मराठी घरांतले नेहमीचे दृश्य आले. आरती सुरू होते, टाळ वाजतात आणि कोणीतरी मोबाईल उंच धरून उभे असते. पलीकडे टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये मुलगा, सून आणि झोपेतून उठवलेली नात हात जोडून बसलेली असतात. आरती संपली की आई मोदकाचे ताट मोबाईलसमोर धरते. मग सगळे हसतात आणि कोणीतरी डोळे पुसते.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते? तो कोणाचा उरतो? तो परत आला नाही तर आपला राहत नाही का? हे प्रश्न आज आपल्या घरोघरी आहेत, पण ते आजचे नाहीत. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका लहानशा गावातून एक विशीतला मुलगा नोकरीसाठी निघाला. तो पुन्हा कधीही गावी परतला नाही, आणि तरीही अखेरपर्यंत तो त्या गावचाच राहिला. जगातल्या सर्वांत मोठ्या गणित्यांपैकी एक असलेल्या लेओनार्ड ऑयलर यांची ही कथा यंदा आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. यात गणित थोडे आहे आणि माणूस जास्त आहे. त्यामुळे शाळेत ज्यांना गणिताने छळले त्यांनीही न घाबरता वाचावे.

लेओनार्डचा जन्म स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १५ एप्रिल १७०७ रोजी झाला. वडील पाउल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. लेओनार्ड लहान असतानाच त्यांची नेमणूक जवळच्या रीहेन गावी झाली आणि मुलाचे बालपण तिथे गेले. घरची स्थिती बेताची होती, पण वडिलांना गणिताची गोडी होती. विद्यार्थिदशेत त्यांनी याकोब बेर्नुली या नामांकित गणितज्ञांची व्याख्याने ऐकली होती. मुलाला पहिले धडे त्यांनीच दिले. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तेराव्या वर्षी लेओनार्ड बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तिथे याकोब यांचे धाकटे भाऊ योहान बेर्नुली प्राध्यापक होते. ते मोठे विद्वान होते, पण स्वभावाने कडक. मुलाला वेगळी शिकवणी द्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. त्यांनी त्याला अवघड पुस्तके स्वतः वाचायला सांगितली आणि जे अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मुभा दिली. मुलगा आठवडाभर झगडून शक्य तितक्या कमी शंका घेऊन जाई, म्हणजे गुरुजींचा वेळ मोडणार नाही. थोड्याच दिवसांत योहान यांच्या लक्षात आले की हा पोरगा साधा नाही. त्यांनीच पाउल यांची समजूत घातली आणि मुलाची गणिताची वाट मोकळी झाली.

शिक्षण झाले, पुढे काय? बाझेलमध्ये विद्यापीठ एकच आणि प्राध्यापकांच्या जागा मोजक्या. एक जण वारला तरच एक जागा निघे. १७२६ मध्ये पदार्थविज्ञानाची जागा रिकामी झाली तेव्हा एकोणीस वर्षांच्या लेओनार्डने अर्ज केला आणि सोबत ध्वनीवरचा एक प्रबंध जोडला. तिथली पद्धत अशी की आधी काही उमेदवार निवडायचे आणि मग त्यांच्यात चिठ्ठ्या टाकायच्या. या मुलाचे नाव चिठ्ठीपर्यंतसुद्धा पोहोचले नाही. त्याच सुमारास पॅरिसच्या अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कुठे आणि कशा उभाराव्यात यावर स्पर्धा ठेवली होती. समुद्रापासून दूर, डोंगरांच्या देशात वाढलेल्या या मुलाने तीत भाग घेतला आणि त्याचा निबंध दुसऱ्या क्रमांकाचा ठरला. पॅरिसने ज्याची पाठ थोपटली, त्याला गावात नोकरी नव्हती. हे आपल्याला काही नवीन वाटणार नाही.

नोकरी निघाली ती दूर रशियात. पीटर द ग्रेट या सम्राटाने नेव्हा नदीच्या दलदलीत सेंट पीटर्सबर्ग ही नवी राजधानी वसवली होती आणि तिथे विज्ञानाची अकादमी काढण्याचे ठरवले होते. अकादमी सुरू झाली तेव्हा पीटर हयात नव्हता, पण ती त्याच्याच आराखड्याप्रमाणे उभी राहिली. रशियात तेव्हा असे विद्वान तयार नव्हते, म्हणून जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून माणसे बोलावली गेली. योहान बेर्नुली यांची दोन मुले, निकोलाउस आणि डॅनिएल, तिकडे गेली होती. १७२६ च्या उन्हाळ्यात निकोलाउस तिथेच वारला. डॅनिएलने अकादमीला आपल्या बाझेलच्या मित्राचे नाव सुचवले आणि लेओनार्डला बोलावणे आले.

यात एक मोठी अडचण होती. जागा गणिताची नव्हती, शरीरशास्त्राची होती. पण लेओनार्डने ती नाकारली नाही. गावात दुसरे काही मिळते का हे पाहत काही महिने तो थांबला आणि तेवढ्या काळात बाझेलमध्येच शरीररचनेचा अभ्यास करू लागला. जी नोकरी मिळते तिच्या दाराने आत शिरायचे आणि आपले काम आत जाऊन शोधायचे, ही रीत आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. कोणी एका कामासाठी जातो आणि वर्षभरात दुसऱ्याच खुर्चीत बसतो. लेओनार्डचेही तसेच झाले. पीटर्सबर्गला पोहोचल्यावर त्याला शरीरशास्त्र शिकवावे लागले नाही, गणिताच्याच विभागात जागा मिळाली.

५ एप्रिल १७२७ रोजी त्याने बाझेल सोडले. विसावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. ऱ्हाईन नदीतून नावेने, मग जर्मन संस्थानांतून टपालगाडीने, ल्युबेकपासून जहाजाने, असा प्रवास करत तो मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गला पोहोचला. नेमक्या त्याच दिवसांत अकादमीची पाठराखण करणारी सम्राज्ञी पहिली कॅथरीन वारली. दरबारातली माणसे बदलली आणि अकादमीचे पुढे काय होणार हे कोणालाच सांगता येईना. परक्या देशात उतरावे आणि ज्याने बोलावले त्याचीच खुर्ची हलावी, असा हा पहिला अनुभव.

पण आधाराला गावचा मित्र होता. लेओनार्ड डॅनिएलच्याच घरी राहिला. डॅनिएल तिथे फारसा रमलेला नव्हता. त्याने लेओनार्डला निघण्यापूर्वीच कळवून ठेवले होते की येताना चहा, कॉफी, ब्रँडी आणि आणखी काही खाण्याचे पदार्थ घेऊन ये. हे वाचताना आम्हाला हसू आले. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आपण मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि आपली इंदुरी शेव भरतो आणि वजनाच्या काट्यावर त्यातली दोन पाकिटे परत काढतो. तिकडे आधी गेलेला त्याचा मित्र वाट पाहत असतो, ती मुलाची आणि पाकिटांचीही. माणूस तीनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

डॅनिएल १७३३ मध्ये बाझेलला परत गेला. लेओनार्ड राहिला. मित्राची गणिताची प्राध्यापकी त्याच्याकडे आली, पगार वाढला आणि पुढच्याच वर्षी त्याने लग्न केले. वधू काटारिना ग्सेल ही चित्रकार गेओर्ग ग्सेल यांची मुलगी. ग्सेलही पीटर्सबर्गला नोकरीनिमित्त आलेले आणि मूळचे स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनचे. परदेशात राहून आपल्याकडचीच मुलगी मिळाली, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत सांगायचे तर सोन्याला सुगंध. नेव्हाच्या काठी वासिल्येव्स्की बेटावर त्यांनी घर घेतले. या दांपत्याला तेरा मुले झाली, पण लहानपणाच्या आजारांतून वाचली ती पाचच. ते दुःख बाजूला ठेवून चालणार नाही, कारण याच घरात, मांडीवर मूल आणि पायांशी खेळणारी बाकीची, अशा स्थितीत ऑयलर यांनी गणित केले, अशी त्यांची ख्याती आहे.

याच काळात त्यांनी एक कोडे सोडवले आणि ते युरोपभर प्रसिद्ध झाले. कोडे सांगायला सोपे आहे. १ घ्या, त्यात १/४ मिळवा, मग १/९, मग १/१६, म्हणजे १, २, ३, ४ या संख्यांच्या वर्गांनी एकाला भागत जा आणि बेरीज करत राहा. बेरीज कधी संपत नाही, पण ती वाढत वाढत कोणत्या संख्येपाशी जाते? बाझेलच्या याकोब बेर्नुलींनी यावर डोके फोडले होते आणि उत्तर न मिळताच ते वारले. १७३५ मध्ये ऑयलर यांनी उत्तर काढले. ती संख्या सुमारे १.६४४९ आहे, आणि नेमकी सांगायची तर पायचा वर्ग भागिले सहा. वर्तुळाचा इथे काहीही संबंध दिसत नसताना वर्तुळातला पाय तिथे निघाला, म्हणून जाणकार थक्क झाले. हे कोडे आजही बाझेलचे कोडे म्हणून ओळखले जाते. ज्या गावाने नोकरी दिली नाही, त्याच गावाचे नाव या मुलाने परक्या देशात बसून गणितात कायमचे लिहून ठेवले.

काम नुसते कागदावरचे नव्हते. रशियाचे नकाशे तयार करणे, जहाजबांधणीवर ग्रंथ लिहिणे, शाळांसाठी अंकगणिताची पुस्तके, परीक्षा घेणे, सरकारला सल्ला देणे, जे काम समोर येई ते ऑयलर करत. इतर परदेशी विद्वान रशियन भाषेच्या वाटेला फारसे जात नसत. ऑयलर ती बोलायला आणि लिहायला शिकले. आपण ज्यांचे मीठ खातो त्यांची भाषा यायला हवी, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १७३५ मध्ये त्यांना जबर ताप आला आणि १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशांच्या बारीक कामाने डोळा गेला असे ते स्वतः मानत.

याच वर्षांतली एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. अकादमीतले त्यांचे सहकारी बायर यांनी बॅक्ट्रियाच्या ग्रीक राज्याचा इतिहास लिहिला. १७३८ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथाला ऑयलर यांनी भारतीयांच्या सौरवर्षावर एक टिपण जोडले. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून तिथल्या मिशनऱ्यांनी आपल्या कालगणनेची माहिती पाठवली होती. तिच्यावरून ऑयलर यांनी ओळखले की भारतीय वर्ष ऋतूंवर नव्हे तर नक्षत्रांवर मोजलेले आहे, सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येईपर्यंतचे. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे भरते. या चोवीस मिनिटांमुळेच आपली मकरसंक्रांत साठेक वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. नेव्हाच्या बर्फात बसलेला एक बाझेलकर आपल्या पंचांगाचे गणित समजून घेत होता, हे वाचून आम्हाला मोठी मौज वाटली.

आणि आपण त्या वेळी कुठे होतो? १७३० च्या त्याच दशकात मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि पवार माळव्यात पाय रोवत होते. त्यांच्या मागोमाग दक्षिणेतून शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आणि वैद्य आले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्यानंतरच्या दोन शतकांत असेच चाकरीसाठी नर्मदा ओलांडून इकडे आले. त्यातले बहुतेक परत गेले नाहीत. तेव्हा ऑयलर यांची कथा वाचताना आपल्याला नुसती टोरांटोतल्या मुलाची आठवण व्हायला नको, आपल्या पणजोबांचीही व्हायला हवी.

१७४० मध्ये रशियाची सम्राज्ञी आन्ना वारली आणि दरबारात कारस्थानांना ऊत आला. परकीयांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. बायकामुलांच्या काळजीने ऑयलर अस्वस्थ झाले. नेमके त्याच वेळी प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक बर्लिनला अकादमी नव्याने उभारत होता. त्याचे बोलावणे ऑयलर यांनी स्वीकारले आणि १७४१ च्या उन्हाळ्यात ते कुटुंबासह बर्लिनला गेले. एक गोष्ट सांगितली जाते, की बर्लिनमध्ये राजमातेने त्यांना ते इतके गप्प का असतात असे विचारले, तेव्हा जिथे बोलणारा फासावर जातो अशा देशातून आपण आल्याचे त्यांनी सांगितले.

बर्लिनमध्ये ते पंचवीस वर्षे राहिले आणि तरीही पीटर्सबर्गशी संबंध तोडला नाही. तिथली अकादमी त्यांना वार्षिक मानधन देई आणि ते तिच्यासाठी ग्रंथ आणि उपकरणे खरेदी करत, लेख पाठवत. रशियातून आलेले विद्यार्थी त्यांच्या घरी राहून शिकत. जुनी नोकरी सोडली म्हणून जुने ऋण सोडायचे नाही, हा त्यांचा बाणा. पुढे रशिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि १७६० मध्ये रशियन सैन्याने बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे असलेली त्यांची शेतीवाडी लुटली. ती कोणाची हे कळल्यावर रशियन सेनापतीने भरपाई दिली आणि सम्राज्ञी एलिझाबेथने वर आणखी मोठी रक्कम पाठवली. शत्रूच्या राजधानीत राहणाऱ्या जुन्या नोकरासाठी एका देशाने हे करावे, यातच ऑयलर यांनी काय कमावले होते ते दिसते.

या काळात वडिलांची भेट मात्र कायमची राहून गेली. पाउल ऑयलर १७४५ मध्ये वारले. एप्रिल १७२७ मध्ये ज्या मुलाला त्यांनी निरोप दिला, तो त्यांना पुन्हा दिसला नाही. आई मार्गारेट मागे एकटी उरली. १७५० मध्ये ऑयलर फ्रँकफर्टपर्यंत गेले आणि तिथून आईला बर्लिनला घेऊन आले. तेवीस वर्षांनी मायलेकरांची भेट होत होती. गेला तेव्हा तो विशीचाही नव्हता, आता त्रेचाळीस वर्षांचा, एका डोळ्याने अधू आणि मुलाबाळांचा धनी. ती भेट कशी झाली असेल याची कल्पना आपल्यातल्या प्रत्येक आईने आपापल्या मनाशी करावी. त्यानंतर अकरा वर्षे, १७६१ मध्ये वारेपर्यंत, ती मुलाजवळच राहिली. गावी परत जाणे त्यांना जमले नाही, पण जिच्यामुळे गाव गाव होते ती त्यांनी आपल्या घरी आणली.

बर्लिनमध्ये ऑयलर यांनी कामाचा डोंगर उपसला. आज कॉलेजात कलनशास्त्र ज्या रूपात शिकवतात त्याचा पाया त्यांच्या तिथल्या ग्रंथांत आहे. फलनासाठी एफ आणि कंसात एक्स लिहिणे, बेरजेसाठी सिग्मा, एका प्रसिद्ध स्थिरांकासाठी ई हे अक्षर, या खुणा त्यांनी रूढ केल्या, आणि पाय ही खूण सर्वत्र पोहोचली तीही त्यांच्यामुळे. शिवाय पंचांगांची छपाई, वेधशाळेची आणि वनस्पतिउद्यानाची देखरेख, कालव्याची पातळी, सरकारी लॉटरीचे गणित, विधवांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब, अशी सारी कामे त्यांच्याच गळ्यात होती. एका राजघराण्यातल्या मुलीला विज्ञान समजावे म्हणून त्यांनी दोनशेहून अधिक पत्रे लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली आणि अनेक भाषांत वाचली गेली.

पण राजाचे आणि त्यांचे जमले नाही. फ्रेडरिकला चटपटीत फ्रेंच बोलणारी, दरबार हसवणारी माणसे आवडत. ऑयलर साधे, देवभीरू आणि घरात रमणारे. राजा त्यांच्या एका डोळ्यावरून टिंगल करी. राजवाड्यातली कारंजी नीट उडाली नाहीत तेव्हा त्याने दोष गणिताला दिला. अकादमीचे अध्यक्ष वारल्यावर सारा कारभार ऑयलर यांनी पाहिला, पण अध्यक्षपद राजाने पॅरिसच्या दालाँबेर यांना देऊ केले. दालाँबेर यांनी नम्रपणे नकार दिला आणि ऑयलर यांच्या वरती कोणालाही बसवणे योग्य नाही असे राजाला कळवले. राजाने तरीही ऐकले नाही. पंचवीस वर्षे राबून आपली किंमत होत नाही हे ज्याला कळते, त्याला पगाराचा आकडा थांबवून ठेवत नाही.

रशियात आता दुसरी कॅथरीन गादीवर होती. तिने ऑयलर यांच्या अटी मान्य केल्या. वर्षाला ३,००० रुबल, पत्नीच्या पुढच्या आयुष्याची तरतूद आणि मुलांना योग्य जागा. फ्रेडरिक सहजी सोडेना. पुन्हा पुन्हा अर्ज केल्यावर त्याने परवानगी दिली, पण धाकटा मुलगा प्रशियाच्या सैन्यात होता त्याला अडकवून ठेवले. तोही पुढे सुटून आला. १७६६ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मुलेसुना आणि नातवंडे असे मोठे खटले घेऊन ऑयलर पुन्हा नेव्हाच्या काठी आले. चाळीस वर्षांपूर्वी ते इथे एकटे उतरले होते.

आल्यावर थोड्याच दिवसांत डावा डोळाही मोतीबिंदूने गेला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसले आणि मग कायमचा अंधार आला. इथे दुसरा कोणी थांबला असता. ऑयलर यांचे काम मात्र वाढले. बर्लिनहून सोबत आणलेल्या एका शिंप्याच्या शिकाऊ मुलाला त्यांनी बीजगणिताचे पुस्तक सांगितले आणि त्याने ते उतरवून घेतले. सांगता सांगता तो मुलगाही बीजगणित शिकला, इतके ते सोपे होते. मोठी आकडेमोड ते मनात करत. चंद्राच्या गतीवरचा ७७५ पानांचा ग्रंथ याच अंधारातला आहे. त्यांच्या साऱ्या लेखनापैकी जवळजवळ अर्धे दृष्टी गेल्यानंतरचे आहे.

१७७१ मध्येच पीटर्सबर्गला मोठी आग लागली आणि ऑयलर यांचे घर पेटले. आत आंधळा म्हातारा अडकला होता. त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणले पीटर ग्रिम नावाच्या एका कारागिराने, आणि हा ग्रिम होता बाझेलचा. घर गेले, पुस्तके गेली, हस्तलिखिते बहुतेक वाचली. सम्राज्ञीने नव्या घरासाठी पैसे दिले. पण जीव वाचवला तो गाववाल्याने. परमुलखात आपल्या माणसांचे मंडळ का हवे, असे आम्हाला कधी कोणी विचारले तर आम्ही आता ही गोष्ट सांगणार आहोत.

दोन वर्षांनी बाझेलहून आणखी एक जण आला. लेखनिक म्हणून कोणी हुशार मुलगा पाठवावा अशी विनंती ऑयलर यांनी केली होती आणि जुन्या मित्राने, डॅनिएल बेर्नुलीने, अठरा वर्षांच्या निकोलाउस फुस याला पाठवले. ज्याने कधीकाळी लेओनार्डला बोलावून घेतले, त्यानेच आता त्याच्या म्हातारपणाची काठी पाठवली. फुस दहा वर्षे त्यांच्याजवळ राहिला, शेकडो लेख त्याने उतरवून तयार केले आणि पुढे त्यांच्या नातीशीच लग्न केले.

या फुसने गुरूच्या मृत्यूनंतर त्यांचे चरित्र सांगितले. त्यातली एक बारीकशी आठवण आम्हाला या सगळ्या कथेचा गाभा वाटते. ऑयलर यांनी आयुष्यभर फ्रेंच, जर्मन, लॅटिन, रशियन अशा भाषांत काम केले, पण बाझेलची बोली त्यांनी तिच्या साऱ्या वळणांसह जपली होती. फुसशी बोलताना ते गमतीने जुने बाझेली शब्द आणि म्हणी काढत, आणि त्यांतले काही असे असत की त्यांचा अर्थ फुस केव्हाच विसरून गेला होता. ज्याने गाव पन्नास वर्षांपूर्वी सोडले, त्याच्याजवळ ते शब्द होते. जो नुकता गावाहून आला, त्याच्याजवळ नव्हते.

वाचकहो, हा अनुभव आपल्याला आहे. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे आपल्या घरातल्या आजीचे बोलणे ऐकून थबकतात. हा शब्द आम्ही फार वर्षांत ऐकला नाही म्हणतात. तिकडे बोली पुढे सरकली. इकडे हिंदी आणि माळवीच्या शेजारी राहून आपण जुने शब्द जपून ठेवले, कारण ते हरवले तर पुन्हा आणायला दुसरीकडे जागा नव्हती. आमच्या मराठीत हिंदी मिसळते म्हणून पाहुणे हसतात, तेही खरे आहे. पण कोठारातले जुने धान्यही आमच्याकडेच निघते.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर वारले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. फ्रान्समध्ये नुकतीच बलूने उडू लागली होती. शेवटच्या दिवशीही पाटीवर बलून किती उंच जाईल याचे गणित होते. नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी त्यांनी सहकाऱ्यांशी चर्चा केली. मग नातवाशी खेळताना, चहा घेता घेता, त्यांना झटका आला आणि काही तासांत सारे संपले. त्यांचे अप्रकाशित लेख अकादमी पुढे जवळजवळ पन्नास वर्षे छापत राहिली. त्यांची मुले आणि वंशज रशियाचेच झाले. इकडे त्यांचे समग्र लेखन छापण्याचे काम त्यांच्या मायदेशाने, स्वित्झर्लंडने, हाती घेतले. पहिला खंड १९११ मध्ये निघाला आणि एकूण खंड ऐंशीच्या वर गेले. दहा फ्रँकच्या स्विस नोटेवरही एके काळी त्यांचे चित्र होते. रशिया त्यांना आपले म्हणतो, जर्मनी आपले म्हणतो आणि बाझेल तर म्हणतेच.

जाता जाता आपल्या प्रदेशाचा एक धागा. आयुष्याच्या अखेरीस ऑयलर यांनी एक कोडे घातले होते. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे प्रत्येकी एक, असे छत्तीस अधिकारी चौरसात असे उभे करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. हे अशक्य आहे आणि दहा, चौदा, अठरा अशा आकड्यांनाही अशक्यच असणार, असा त्यांचा अंदाज होता. सहाच्या बाबतीत तो खरा निघाला. बाकीच्यांच्या बाबतीत तो १९५९ मध्ये अमेरिकेत तिघांनी खोटा ठरवला. त्यातले राजचंद्र बोस होशंगाबादला जन्मलेले, शरदचंद्र श्रीखंडे सागरला जन्मलेले आपले मराठी गणिती, आणि तिसरे अमेरिकेचे पार्कर. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. बोस तिकडेच राहिले, श्रीखंडे मायदेशी परतले आणि मुंबई विद्यापीठात त्यांनी पिढ्या घडवल्या. एक राहिला, एक आला, आणि दोघांचेही काम आपल्याला अभिमानाचे आहे.

म्हणून मोबाईलवर आरती पाहणाऱ्या आईला आमचे एवढेच सांगणे आहे. मुलगा परत येईल की नाही हे आज त्यालाही ठाऊक नसते. लेओनार्डलाही नव्हते. पण तो तिकडे प्रामाणिकपणे काम करत असेल, तिथली भाषा शिकत असेल, मागून येणाऱ्या गाववाल्याला हात देत असेल आणि नातीला आपल्या घरचे दोन जुने शब्द शिकवत असेल, तर तो आपल्यातून गेलेला नाही. आणि शब्द शिकवायचे तर ते त्याच्याजवळ असायला हवेत. ते देण्याचे काम आपले आहे, तो निघण्यापूर्वीचे.

गणपती बाप्पा मोरया!